काल्याचा वाटा



सन २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैस, रविवारी आली. गुरुवारी, १० जुलैस पौर्णिमा. त्या दिवशी गोपाळपुरी काला झाला आणि रिवाजाप्रमाणे पालख्या परतीच्या वाटेस लागल्या. काल्याच्या त्या दाटीत कोणाच्या हातची लाही कोणाच्या मुखी पडते याचा पत्ता लागत नाही. घालणारा जात विचारीत नाही, घेणारा हात पाहत नाही. आमच्या तोंडात ज्यांनी घास घातला ते कोण, कुठले, आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. कपाळीचा बुक्का घामाने ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता, एवढेच ध्यानात आहे.

याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात एक गोष्ट घडली. तिचा आणि गोपाळपुराचा संबंध काय, असे वाचक विचारतील. आम्हीही तेच विचारले असते. परंतु ती गोष्ट आमच्यापुढे आणून टाकणाऱ्याने ती काल्याला जोडूनच आणली, आणि मग ती आम्हांस टाळता येईना.

आमच्या दिंडीत एक वृद्ध टाळकरी आहेत. मुंबईस गिरणीत साच्यावर काम करीत. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा धड अशी चाललीच नाही, आणि हक्काची रक्कम हाती येईतो त्यांचे केस पांढरे झाले. त्यांचा नातू हिंजवडीस एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. रजा मिळेल तेवढी, दोन-तीन मुक्काम, तो आजोबांबरोबर चालतो. श्रावणात एके सायंकाळी हरिपाठ आटोपून आम्ही बसलो असता आजा-नातू दोघे आले. नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला, आणि नातू म्हणाला,

“महाराज, एक विचारू? काल्यात पेंद्याची शिळी भाकर घेतली, सगळ्यांच्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या. आणि वाटायच्या वेळी कृष्णच चार गडी बरोबर घेऊन, दह्याचं मडकं उचलून दुसऱ्या गावी निघून गेला असता, तर त्याला काय म्हणायचं?”

आम्ही म्हटले, “बाबा रे, कृष्णाने असे केले नाही.”

“कृष्णानं नाही केलं. लोक करतात.”

मग त्याने जी हकिकत सांगितली ती थोडक्यात अशी. विंडसर्फ नावाची एक कंपनी. २०२१ साली वेगळ्या नावाने निघाली. वरुण मोहन आणि डग्लस चेन हे दोघे तरुण तिचे संस्थापक. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साह्य द्यावयाचे, हा धंदा. धंदा भरभराटला. ओपनएआय ही मोठी कंपनी विंडसर्फला सुमारे ३ अब्ज डॉलरला विकत घेणार अशी बोलणी चालली होती आणि आत काम करणारी सुमारे अडीचशे माणसे त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. ती का बसली होती, हे वारकरी वाचकांस थोडे उलगडून सांगितले पाहिजे. अशा नव्या कंपन्यांत पगाराबरोबर कंपनीचा लहानसा हिस्सा, म्हणजे शेअर, कागदावर देऊ करतात. तो एकदम हाती येत नाही. रिवाज असा की, चार वर्षांत तो हळूहळू पिकावा, आणि पहिले वर्ष पुरे झाल्याशिवाय त्यातला दाणाही मिळू नये. कंपनी विकली गेली म्हणजे त्या कागदाचे पैसे होतात. ‘आज राब, उद्या पिकेल तेव्हा तुझाही वाटा आहे,’ असा हा करार. आपल्याकडचा सालगडी यास काही वेगळ्या नावाने ओळखेल, पण ओळखेल खास.

ओपनएआयचा सौदा मोडला. ११ जुलैस, शुक्रवारी, जाहीर झाले की गूगल कंपनी मोहन, चेन आणि संशोधन विभागातील काही निवडक माणसे यांस आपल्याकडे घेत आहे. गूगल विंडसर्फ विकत घेत नाही, तिचा एक शेअरही घेत नाही. ती माणसे घेते, आणि तंत्र वापरण्याचा परवाना घेते. या सगळ्याची रक्कम सुमारे २.४ अब्ज डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस हजार कोटी रुपयांच्या वर! सबंध कंपनी घ्यायची तर सरकारची चौकशी मागे लागते. ती चुकविण्यास हा मार्ग बरा पडतो, असे जाणकार म्हणतात. मायक्रोसॉफ्टने इन्फ्लेक्शनच्या बाबतीत २०२४ साली असेच काहीसे केले होते, आणि त्याच वर्षी गूगलनेही कॅरॅक्टर नावाच्या कंपनीशी असाच सौदा केला होता. कायद्यात बसते. कंपनी विकली गेलीच नाही, म्हणून विक्रीच्या वेळी पिकायचे ते कागद पिकलेच नाहीत. भांडवल घालणाऱ्यांस पैसे पोचले. पुढे गेलेल्यांस पोचले. मागच्यांपैकी पुष्कळांच्या हाती, विशेषतः ज्यांचे वर्ष भरले नव्हते त्यांच्या हाती, काही लागले नाही. जेफ वँग म्हणून धंद्याची बाजू पाहणारे एक गृहस्थ होते, त्यांच्यावर त्या दिवशी एकाएकी कारभार येऊन पडला. सर्वांस जमवून ही वार्ता त्यांना सांगावी लागली. लोक आले होते ते ओपनएआयच्या सौद्याची आनंदवार्ता ऐकावयास. काही जण रडले, असे वँग यांनी मागाहून स्वतः लिहिले आहे.

हे सांगून नातू गप्प बसला. आम्हांस तेव्हा कळले नाही की, हिंजवडीच्या पोराने कॅलिफोर्नियाच्या गोष्टीने एवढे कासावीस का व्हावे. आम्ही कीर्तनकाराच्या सवयीने उत्तर दिले. म्हटले, “हे पाहा, धन हे असेच. येते नि जाते. जे मिळाले नाही ते आपले नव्हतेच असे समजावे, समाधान मानावे. समाधानासारखी दुसरी संपत्ती नाही.” आणखी पुष्कळ बोललो. बोलताना आमचे आम्हांस बरे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

आजोबा इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, “महाराज, हे मला सांगा. मी ऐकीन. गिरणी गेली तेव्हा असंच ऐकलं, आणि विठ्ठलानं निभावलं. पण दरवेळी हे मलाच का सांगता? जो मडकं घेऊन गेला त्याला कोण सांगणार?”

सज्जनहो, या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. रात्री झोप आली नाही. समाधान हे ज्याचे त्याने साधावयाचे व्रत आहे. दुसऱ्याच्या ताटातले उचलून मग त्यास समाधानाचे महत्त्व सांगणे हे व्रत नव्हे. आणि उचलणारा दुसरा, उपदेश करणारे आम्ही, असे असले म्हणून आमचा दोष कमी होत नाही. धनवंताने संस्थानास देणगी द्यावी, आम्ही त्याच्या गळ्यात हार घालावा, आणि त्याच्या कारखान्यातील माणसांस अल्पसंतुष्टतेचे निरूपण ऐकवावे, असे आम्हां मंडळींकडून घडलेले नाही काय? घडले आहे. नाव घेत नाही, कारण पहिले नाव आमचेच घ्यावे लागेल.

त्या रात्री आम्हांस तुकोबारायांच्या चरित्रातील तो प्रसंग आठवला, जो आम्ही किमान शंभर वेळा कीर्तनात सांगितला असेल आणि एकदाही नीट पाहिला नसेल. सावकारीची खते, म्हणजे लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद, महाराजांनी इंद्रायणीत सोडून दिले. केवढे वैराग्य, म्हणून आम्ही टाळी घेतो. पण परंपरा पुढे काय सांगते? कागदांचे दोन वाटे झाले. अर्धे धाकटे बंधू कान्होबा यांचे. ते त्यांच्या स्वाधीन केले गेले, आणि महाराजांनी बुडविले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे! ज्यास तो पैसा मातीसमान वाटत होता, त्यानेसुद्धा ‘भावाचाही बुडवून टाकू, त्याच्याही आत्म्याचे कल्याण होईल’ असा विचार केला नाही. स्वतःचा वाटा सोडण्याचा अधिकार आपला. दुसऱ्याचा वाटा त्याच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार कोणासही नाही. विरक्तासही नाही, मग आसक्ताची काय कथा?

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकांगी निरूपण हे निरूपण नव्हे.

कोणी म्हणेल, त्या दोघांचे डोके, त्यांचे साहस. पहिल्या दिवशी कंपनी नव्हती तेव्हा ते होते. त्यांना अधिक मिळाले तर त्यात गैर काय? यावर आमचे म्हणणे असे की, अधिक मिळण्यात गैर काहीच नाही. आमच्या संप्रदायात सर्व समान म्हणजे सर्व एकाच कामाचे, असे कोणी म्हटलेले नाही. दिंडीत वीणेकरी एक असतो, चोपदार चोपदार असतो, पाण्याचा टँकर हाकणारा टँकर हाकतो. मानही निरनिराळे आहेत; कोणत्या दिंडीचा क्रम कोणता यावरून काय काय वाद झाले आहेत ते आम्हांस विचारू नका! अधिक-उणे हा प्रश्न नाही. प्रश्न निघून जाण्याचा आहे. ज्या दिवशी माप व्हावयाचे, त्याच दिवशी मापणारा उठून गेला.

पूर्वी गावगाड्यात खळ्यावर बलुते दिले जाई. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, ज्याचा त्याचा वाटा खळ्यावरच मोजून होई, आणि मग उरलेले धान्य कुणब्याच्या घरी जाई. या पद्धतीचे आम्ही गोडवे गात नाही. तिच्यात ज्यांच्याकडून सर्वांत जड काम घेतले त्यांस सर्वांत हलका वाटा दिला, तोही उपकार म्हणून. महार वतन हे वतन नसून बेडी आहे असे डॉ. आंबेडकरांस म्हणावे लागले, आणि कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा मुंबई सरकारचा कायदा १९५८ साली यावा लागला. तेव्हा बलुत्याचा न्याय हा पुरता न्याय नव्हता. पण त्यातली एक चाल शहाणपणाची होती: रास खळ्यावर असेपर्यंत वाटा मोजायचा. पोती एकदा घराच्या आत गेली की, देणाऱ्याची दानत आणि घेणाऱ्याची लाचारी यांवर सगळे येऊन ठेपते. कॅलिफोर्नियात पोती आधी घरात गेली.

दुसरा कोणी म्हणेल, अहो, मागे राहिलेले काय उपाशी मरत होते? त्यांचा एकेकाचा पगार तुमच्या सबंध दिंडीच्या वर्षाच्या खर्चाहून जास्त असेल. कंपनीच्या तिजोरीत पैसाही मागे ठेवला होता म्हणतात. हा आक्षेप आम्हांस सर्वांत जड गेला, कारण तो खरा आहे. वाटेवर उघड्या पायांनी चालणाऱ्या बाईस पाहिल्यावर त्या संगणकवाल्यांची कीव करावी असे मनात येत नाही. पण मग वाटले, अन्याय हा पोटाच्या मापाने मोजायचा काय? गोपाळांतही खाऊनपिऊन सुखी घरचे होते. त्यांची शिदोरी कोणी पळविली असती तर ते घरी जाऊन पोटभर जेवले असते. तरी पळविणे ते पळविणेच. खेरीज, विश्वास मोडण्याची चाल वरच्या मजल्यावर एकदा रुळली की ती जिना उतरून खाली यावयास फार दिवस लागत नाहीत.

तिसरी गोष्ट, जे गेले ते काही राक्षस नव्हेत. तशी संधी समोर आली असता आपण काय केले असते, हे छातीवर हात ठेवून सांगणे कठीण आहे. तथापि त्यांच्याच धंद्यातील मंडळींसही ते रुचले नाही, हे ध्यानात घ्यावे. विनोद खोसला हे अमेरिकेत नव्या कंपन्यांस भांडवल पुरविणारे बडे गृहस्थ, जन्म आपल्या पुण्याचा. त्यांनी जाहीरपणे म्हटले की, आपल्या माणसांस मागे टाकून, मिळकतीत वाटा न देता निघून जाणाऱ्या संस्थापकांचे हे वाईट उदाहरण आहे आणि अशांबरोबर आपण पुन्हा काम करणार नाही. पैशाच्या बाजारातला माणूस हे बोलतो, आणि आम्ही समाधान सांगत बसलो होतो!

सप्ताहात अखंड वीणा चालू असते. पहारा बदलताना वीणा खाली ठेवीत नाहीत. येणाऱ्याने नमस्कार करावयाचा, जाणाऱ्याने करावयाचा, आणि एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात. थकलेल्याने जाऊ नये असे नाही. झोप आली, घरी आजारी कोणी आहे, पोटात दुखते, जा बाबा. पण दुसरा येईपर्यंत उभा राहा. आमच्या लहानपणी एका पहाऱ्याचा माणूस आलाच नाही, तेव्हा एक म्हातारे पहाटेचे सहा तास वीणा घेऊन उभे होते; सकाळी त्यांचे पाय सुजले होते आणि ते त्या न आलेल्यास शिव्या देत होते. शिव्या देत होते, पण उभे होते.

हकिकतीचा पुढचा भाग सांगायचा राहिला. त्याच आठवड्याच्या शेवटी वँग आणि त्यांची उरलेली मंडळी शनिवार-रविवार खटपट करीत राहिली, आणि सोमवारी, १४ जुलैस, कॉग्निशन नावाच्या दुसऱ्या कंपनीने विंडसर्फचे उरलेले सर्व, माणसांसकट, विकत घेतल्याचे जाहीर झाले. तिचे प्रमुख स्कॉट वू यांनी सांगितले की, प्रत्येक नोकरास या सौद्यात वाटा मिळेल, वर्ष भरण्याची अट कोणास लागणार नाही, आणि आजवरच्या कामाचा हिस्सा पिकला असे धरले जाईल. म्हणजे तीन दिवसांत जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते शक्य झाले. तेव्हा ‘सौद्याची रचनाच तशी होती’ हे म्हणणे पुरते खरे नव्हे. रचना माणसेच करितात. हे ऐकून आम्ही ‘पांडुरंगाची कृपा’ म्हणणार तोच नातू म्हणाला, “थांबा.” कारण श्रावण सरण्यापूर्वीच आणखी वार्ता आली होती. ऑगस्टच्या आरंभी त्याच कॉग्निशनने त्यांतील तीस जणांस कमी केले, आणि राहिलेल्या सुमारे दोनशे जणांस सांगितले की, नऊ महिन्यांचा पगार घेऊन जायचे तर जा. राहायचे तर आठवड्याचे सहा दिवस आणि ऐंशी तासांवर काम पडेल. निदान विचारून, आणि मोजून. एवढेच त्यातले बरे.

यानंतर आठ-दहा दिवसांनी नातू एकटाच आला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. तेव्हा आम्हांस कळले की कॅलिफोर्निया हे नुसते निमित्त होते.

त्याची दीडशे माणसांची कंपनी एक परदेशी कंपनी विकत घेत होती. वरच्या काही मंडळींस, आणि खालच्यांपैकी सात-आठ ‘कामाच्या’ माणसांस, कागद मिळाले होते. त्यांतला एक हा. वर्षभर राहिलास तर आठ महिन्यांचा पगार वेगळा, असे त्यात होते. आणि शेवटी एक कलम: या गोष्टीची, व पुढे होणाऱ्या फेरबदलाची, वाच्यता कोणापाशी करावयाची नाही. त्याच्या हाताखाली अकरा जण. त्यांतल्या सहांची नावे जाणाऱ्यांच्या यादीत होती. दिवाळी झाली की सांगायचे, असे ठरले होते. त्यांतला एक रोज त्याच्याबरोबर डबा खाई. “त्यानं परवा विचारलं, नवीन घराचा हप्ता घेऊ का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. महाराज, काय सांगू?”

आमच्या मंडळात एक वकील गृहस्थ आहेत. त्यांच्याशी नाव न सांगता बोललो. त्यांनी जर्मनीतील एक खटला सांगितला तो असा. मानेसमान ही तेथील नामांकित जुनी कंपनी. ती घेण्यासाठी व्होडाफोन या इंग्रज कंपनीने १९९९ साली जोर लावला, आणि २००० च्या फेब्रुवारीत सौदा झाला. प्रमुख क्लाउस एस्सर यांनी आधी कसून विरोध केला, मग ते कबूल झाले. त्यानंतर कंपनीच्या देखरेख मंडळातील चौघांच्या समितीने एस्सर व इतरांस गौरवाची म्हणून बक्षिसे मंजूर केली. एस्सर यांस एकूण मिळाले ते सुमारे ६ कोटी मार्क. यावर फौजदारी खटला उभा राहिला. ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने २००४ साली सर्वांस सोडले. वरिष्ठ न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये ती सुटका रद्द केली, आणि न्यायमूर्तींच्या बोलण्याचा आशय असा होता की, ही मंडळी जहागिरीचे मालक नव्हेत, कारभारी आहेत. अखेर २००६ च्या नोव्हेंबरात, दोषी ठरल्याशिवाय, सर्वांनी मिळून ५८ लाख युरो भरले आणि प्रकरण मिटले.

पण वकीलसाहेबांनी ज्यासाठी ही हकिकत सांगितली ते पुढेच आहे. त्या समितीत कामगारांचे पुढारीही होते: क्लाउस झ्विकेल, धातू-कामगारांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष. बक्षिसांवर मत देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी विरोध केला नाही, आणि पाठिंबाही दिला नाही. ते तटस्थ राहिले. आणि आरोपींच्या पिंजऱ्यात तेही उभे राहिले. आपण काही घेतले नाही, कोणास दिले नाही, नुसते गप्प बसलो, एवढ्याने माणूस बाहेर राहत नाही, असे तेथील सरकारी वकिलांस वाटले.

आम्ही नातवास ‘पैसे फेकून दे’ असे सांगितले नाही. त्यास घराचे कर्ज आहे, लहान मुलगी आहे, आणि त्याचे कर्ज आम्ही फेडणार नव्हतो. आम्ही त्यास एवढेच म्हटले की, “या कागदात एक नाही, दोन सौदे आहेत. एक राहण्याचा, त्याचा मोबदला तुझा, तो खुशाल घे. दुसरा गप्प राहण्याचा. त्याची किंमत सहा जणांच्या खिशातून दिली जात आहे. सही अजून केलेली नाहीस, तोवर तोंड तुझे आहे. साहेबांस विचार की त्या सहांस आत्ताच सांगता काय, आणि त्यांचे रजेचे व वर्षाच्या बोनसाचे जे असेल ते चुकते करता काय.”

तो म्हणाला, “आणि मलाच काढलं तर?”

महाप्रस्थानिक पर्वातला प्रसंग आमच्या जिभेवर आला होता. इंद्राचा रथ दारात उभा आहे, आणि धर्मराज म्हणतो, हे कुत्रे माझ्यामागून आले आहे, यास टाकून मी चढत नाही. नातू हुशार; तो आधीच म्हणाला, “कुत्र्यासाठी थांबला, पण वाटेत भाऊ पडले तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं त्यानं.” खरे आहे. तरी रथ येताच त्याने पहिल्याने मागितले ते भाऊ आणि द्रौपदी यांस, मग कुत्र्याचे. आणि पुढे स्वर्गात भाऊ दिसेनात तेव्हा, जेथे ते आहेत त्या नरकातच मी राहीन, असेही तो म्हणाला. जो आयुष्यभर नियमावर बोट ठेवून चालला त्यास हे शेवटी उमगले. पण हे सगळे आम्ही नातवास सांगितले नाही. रथ त्याच्या दारात उभा होता, आमच्या नव्हे. आम्ही म्हटले, “काढले तर काढले, असे मी म्हणणे सोपे आहे. तू घरी बोल.”

तो घरी बोलला. बायको म्हणाली म्हणे, विचारा. त्याने विचारले. साहेब ‘पाहतो’ म्हणाले. नवव्या दिवशी त्या सहा जणांस बोलावून सांगितले गेले, दिवाळीच्या पुष्कळ आधी. रजेचे पैसे मिळाले, बोनस मिळाला नाही. याचा कागद मात्र फिरून आला तो आठ महिन्यांऐवजी पाच महिन्यांचा होऊन. कोणी कारण सांगितले नाही, यानेही विचारले नाही. सहांस कळलेलेच होते, तेव्हा त्याने सही केली.

डबा खाणारा मित्र त्याच्याशी बोलत नाही. त्याचे म्हणणे, शेवटी सही केलीसच ना? हप्ता त्याने घेतला नाही हे खरे. पण नोकरी गेली ती गेली, आणि हा राहिला तो राहिला. यावर काय बोलावे, आम्हांस सुचले नाही. आजोबांस विचारले, तर ते म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. ह्याचंही बरोबर आहे.” आणि तपकीर ओढून गप्प बसले.

कार्तिक वद्यात माउलींच्या समाधी सोहळ्यास आळंदीस नातू आला होता. रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर बसून त्याने विचारले, फोन करू का त्याला? आम्ही म्हटले, कर. त्याने दोनदा केला, तिकडून उचलला गेला नाही. तेवढ्यात आतून हाक आली, दोनचा पहारा त्याचा होता. त्याने फोन आजोबांच्या हाती दिला आणि वीणा घ्यावयास तो उठून आत गेला.